बेडकाचा पूल

माझ्या बेटावर एक पूल आहे. तो ओढ्यावर नाही. संत्र्याच्या झाडाखाली, सपाट गवतावर, अंगणात कुंडी ठेवावी तसा ठेवलेला आहे. त्याच्यावर चढता येत नाही. चालत गेलं की माणूस त्याला अडतो, क्षणभर जागच्या जागी पावलं आपटतो आणि वळसा घालून पुढे जातो. खेळाच्या हिशेबात तो पूल नव्हेच, फर्निचर आहे; खुर्ची, टेबल, घड्याळ यांच्याच पंगतीतलं. खराखुरा पूल हवा असेल तर त्याची रीत वेगळी. गावाचा कारभारी टॉम नूक याच्या कचेरीत जाऊन जागा ठरवायची. मग लॉइड नावाचा एक मातीचा बाहुला तिथे उभा राहून वर्गणी गोळा करतो. (जपानच्या प्राचीन थडग्यांवर हानिवा नावाच्या भाजक्या मातीच्या मूर्ती मांडत, त्यांचा हा वंशज. गावातले प्राणी त्याच्या हातावर जी रक्कम ठेवतात ती पाहिली की मला आमच्या सोसायटीचा गणपती आठवतो.) रक्कम भरली की दुसऱ्या दिवशी सकाळी पूल तयार. असा पूल कुणालाही मिळतो. माझा हा केरोप्पी बेडकाच्या नावाचा, ओलांडता न येणारा पूल मात्र मिळायला वर्ष लागलं, आणि त्यात दोन खंड, एक बहीण, एक भाची आणि तळहाताएवढं एक पाकीट गुंतलं.

मी इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई. व्हिडिओ गेम म्हणजे मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो त्याचं कारण, एवढीच माझी त्या विषयातली गती होती. 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा खेळ २० मार्च २०२० ला आला; चारच दिवसांनी रात्री आठला आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली. निन्टेन्डो कंपनीने स्विच हे यंत्र भारतात रीतसर आणलेलं नव्हतं, पण ते मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळायचं, आणि मुलाने पहिल्या पगारातून तिथूनच घेतलं होतं. घरात कोंडल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याने ते माझ्या हातात दिलं. "आई, यात कुणी कुणाला मारत नाही," म्हणाला. खरंच होतं. यात एक निर्जन बेट मिळतं, तंबू मिळतो, हळूहळू घर होतं, शेजारी म्हणून बोलणारे प्राणी राहायला येतात. मासे पकडायचे, फुलांना पाणी घालायचं, घर सजवायचं. जिंकणं-हरणं नाही, शेवट नाही. आणि खेळातलं घड्याळ म्हणजे आपलंच घड्याळ. इथे रात्र तर तिथे रात्र. या मालिकेतला पहिला खेळ १४ एप्रिल २००१ ला जपानात निघाला तेव्हा त्याच्या कार्ट्रिजमध्येच वेळ मोजणारं घड्याळ बसवलेलं होतं. तो रचणाऱ्यांपैकी कात्सुया एगुची हे चिबाकडचे. नोकरीसाठी क्योटोला आले आणि आपली माणसं मागे राहिली याची रुखरुख त्यांना लागली. त्या रुखरुखीतून हे गाव सुचलं असं त्यांनी सांगितलेलं आहे. गाव सोडून आलेल्या माणसाने रचलेलं गाव. मला हे कळलं तेव्हा खेळाबद्दलचा उरलासुरला संकोच गेला.

या खेळातली एक गोष्ट मला पहिल्यापासून विलक्षण वाटली. फर्निचर खिशातून काढून जमिनीवर टाकलं की त्याचं पान होतं. सोफा असो, पियानो असो, आंघोळीचा टब असो, गवतावर पडतं ते एक हिरवं पान. उचलायचं, घरात न्यायचं, मांडायचं, की पुन्हा पियानो. ही नुसती चित्रकाराची सोय नव्हे. कचेरीतला टॉम नूक हा तानुकी आहे. तानुकी म्हणजे जपानी रानातला, दिसायला रॅकूनसारखा पण कुत्र्याच्या कुळातला प्राणी, आणि लोककथांमधला नामांकित बहुरूपी. डोक्यावर एक पान ठेवतो आणि हवं ते रूप घेतो. बाजारात रोख पैसे मोजून माल नेतो; रात्री दुकानदार गल्ला उघडतो तर आत सुकी पानं. अशा प्राण्याच्या हाती ज्या गावाची सावकारी आहे त्या गावातलं सगळं सामान मुळात पान असावं, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. खेळाने पहिल्याच दिवशी कबुली देऊन टाकली आहे. पुढे फसलात तर तुमचं तुम्ही बघा.

आईला ही तानुकीची गोष्ट सांगितली. ती ब्याऐंशीची आहे, गोष्टीतली फट तिला चटकन दिसते. म्हणाली, "त्यात काय एवढं? दसऱ्याला आपण काय देतो?"

खरंच की. आपट्याचं पान आपण सोनं म्हणून देतो आणि घेणाराही सोनं म्हणून घेतो. रघुराजाच्या धाकाने कुबेराने आपट्याच्या झाडावर सुवर्णमुद्रांचा पाऊस पाडला, ही कौत्साची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. पण त्या व्यवहारातली खरी मेख गोष्टीत नाही. झाडावरून स्वतः पान तोडून स्वतःच्या खिशात ठेवलं तर त्याचं सोनं होत नाही. ते कुणीतरी आपल्या हातावर ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सोनं केराच्या सुपलीत दिसतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

तर अशा पानांच्या राज्यात दुर्मीळ म्हणजे काय? आपल्या जगात एखादं कपाट दुर्मीळ होतं त्याला कारणं असतात. तसं सागवान राहिलं नाही, तसा सुतार राहिला नाही, बाकीची कपाटं वाळवीने खाल्ली, उरलेली वाटणीत चिरली गेली. खेळात वाळवी नाही. रंग विटत नाही. टीव्ही पावसात ठेवला तरी चालत राहतो. एका खुर्चीच्या लाख खुर्च्या करायला कंपनीला काही पडत नाही. म्हणजे टंचाई खेळाच्या आत निर्माण होऊच शकत नाही. ती बाहेरून आणावी लागते. आणि ती आणली कागदाच्या तुकड्यावरून.

सॅनरिओ ही जपानी कंपनी. १९६० साली शिंतारो त्सुजी यांनी ती यामानाशी सिल्क सेंटर या नावाने काढली, म्हणजे मूळ धंदा रेशमाचा. पुढे रबरी चपलांवर फूल रंगवलं की त्या जास्त खपतात हे त्यांच्या ध्यानात आलं आणि दिशाच बदलली. हॅलो किटी हे या कंपनीचं सर्वांत गाजलेलं अपत्य. निन्टेन्डोने या सॅनरिओशी हातमिळवणी करून सहा कार्डांचा एक संच काढला: हॅलो किटी, माय मेलडी, लिटिल ट्विन स्टार्स, सिनामोरोल, पॉम्पॉम्पुरिन आणि केरोकेरोकेरोप्पी. केरो-केरो म्हणजे जपानी बेडकाचं डरांव-डरांव. प्रत्येक कार्डावर एकेक नवा शेजारी, आणि त्याच्यामागोमाग त्या त्या नावाचं फर्निचर. कार्ड यंत्राच्या उजव्या दांडीवर टेकवलं की तो प्राणी बेटावर मुक्कामाला येतो, आणि मग त्याचं सामान मागवायची यादी दुकानात उघडते. आज मागवलं की उद्या टपालाने दारात. दुसऱ्याच दुनियेतून पाहुणा म्हणून आलेल्या अशा सामानाला खेळणारी मंडळी क्रॉसओव्हर म्हणतात.

ही कार्डं आधीच्या एका खेळासाठी २०१६ मध्ये जपानात आणि युरोपात निघाली होती, अमेरिकेत नाहीच. न्यू होरायझन्ससाठी ती पुन्हा छापली. १८ मार्च २०२१ ला खेळाची नवी आवृत्ती सगळ्यांच्या यंत्रांत फुकट उतरली आणि २६ मार्चला कार्डं बाजारात आली. अमेरिकेत ती एकाच दुकानसाखळीकडे, सहा कार्डांचं पाकीट ५.९९ डॉलरला. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिची मुलगी मनू तेव्हा अकरा वर्षांची, आणि माझी या खेळातली गुरू. त्या शुक्रवारी बहीण ऑफिसचा कॉल कानाला लावून सकाळी एका दुकानापुढे रांगेत उभी राहिली. तिचा नंबर लागेपर्यंत फळी रिकामी. तासाभरात तीच पाकिटं इंटरनेटवर कितीतरी पट किमतीला विकायला होती. "ताई, रेशनच्या रॉकेलनंतर पहिल्यांदाच अशी रांग लावली," ती रात्री फोनवर म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसण्यासारखं होतंही. एक शिकलेली बाई, बेडकाच्या फर्निचरसाठी.

पण जरा थांबून बघितलं तर त्या रांगेत एक चमत्कारिक गोष्ट होती. कार्डाच्या पोटात एक चिप असते, एनटॅग२१५ नावाची. तिची स्मरणशक्ती ५४० बाइटची. देवनागरीत लिहायचं म्हटलं तर तिच्यात जेमतेम १८० अक्षरचिन्हं मावतील. आत्ताचा हा परिच्छेदसुद्धा नाही. एवढ्याशा जागेत खुर्ची कुठून बसणार? खुर्ची कार्डात नसतेच. ती आठ दिवस आधी, नव्या आवृत्तीबरोबर, जगातल्या प्रत्येक यंत्रात येऊन पडलेली होती. रिकाम्या फळीसमोरून परत फिरलेल्या बहिणीच्या घरातही होती, साताऱ्यात माझ्या टेबलावरही होती. सगळ्यांच्या घरात कपाट आलंय, किल्ली तेवढी मोजक्यांना विकायची, असा तो प्रकार.

याच्याहून टोकाचं उदाहरण याच मालिकेत आहे. २००२ साली अमेरिकेत निघालेल्या गेमक्यूबच्या आवृत्तीत जुने निन्टेन्डो खेळ फर्निचर म्हणून मिळत. घरात यंत्र मांडायचं, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि खेळातला माणूस खेळ खेळायला लागायचा. 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळही त्या तबकडीत भरलेला होता. मात्र तो मिळवायची सरळ वाट कंपनीने कधी उघडलीच नाही. फसवाफसवीची उपकरणं लावून लोकांनी तो बाहेर काढला. वर्षानुवर्षं तो हजारो घरांत होता आणि कुणाच्याच घरात नव्हता. दुर्मीळ वस्तूची माझ्या पाहण्यातली ही सर्वांत निखळ जात. तिथे वस्तूची कमतरता शून्य आहे. कमतरता आहे ती दाराची.

जपानमध्ये वस्तूंच्या दुर्मीळपणाचा विचार फार जुना, आणि तो प्रामुख्याने चहाच्या भांड्यांभोवती वाढला. 'त्सुकुमो नासु' नावाची चहापूड ठेवायची एक लहान बरणी आहे. नासु म्हणजे वांगं, आकार तसाच. मूळची चीनमधली, मुठीत मावेल एवढी. १५६८ मध्ये मात्सुनागा हिसाहिदे या सरदाराने ती विजयी सेनानी ओदा नोबुनागाला नजर केली आणि तिच्या बळावर आपली मान वाचवली. १५८२ मध्ये नोबुनागा होन्नोजीच्या देवळात जळत्या आगीत संपला, तरी बरणी त्याच्यामागून सत्तेवर आलेल्या हिदेयोशीकडे पोचली. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा ती भंगली. किल्ला जिंकणाऱ्या इएयासूने राखेतून तुकडे शोधायला लावले आणि लाखेच्या कारागिरांकडून ते जोडून घेतले. जोडकाम इतकं सफाईचं की विसाव्या शतकात क्ष-किरण टाकल्यावरच आतली तुकड्यातुकड्यांची घडण दिसली. आज ती टोक्योच्या सेइकादो संग्रहालयात आहे. आता या बरणीत असं काय आहे? माती थोडी, लाख पुष्कळ. वर्गात मी मुलांना विचारायची, मूळ बरणी यातली किती? मुलं टक्केवारीच्या भांडणात पडायची. खरं म्हणजे त्या बरणीचा मोठा भाग मातीचा नाहीच, हातांचा आहे. कुणी कुणाला, कुठल्या भीतीने, कुठल्या तडजोडीत दिली, त्याचा. चहाची अशी भांडी ज्या लाकडी पेट्यांत ठेवतात त्या पेट्यांवर मालकांनी, गुरूंनी शाईने लिहून ठेवलेलं असतं, आणि जाणकार भांड्याआधी पेटी वाचतात.

हे वाचताना मला जपान दूरचा वाटलाच नाही. आमच्या फडताळात एक स्टीलचा डबा आहे. त्याच्या गळ्याशी भांडेवाल्याने टिंबाटिंबांची अक्षरं कोरलेली आहेत: 'चि. सौ. कां.' आणि माझं माहेरचं नाव, 'मामाकडून', आणि १९८४ सालची तारीख. नावातला रफार चुकलाय. दुकानात मशीन करकर वाजत होतं, मामा ओरडून नाव सांगत होता, आणि त्या गोंगाटात तो चुकला. तसले डबे बोहारीण दोन जुन्या साड्यांवर देईल. पण चुकलेल्या रफाराचा तो एकच. मामा गेला, मशीनवाला गेला, डब्याला पोचा आला, आत हरभऱ्याची डाळ आहे. कुणी संग्राहक म्हणेल की हा संग्रह नव्हे, हा संसार. मला त्या दोहोंतली भिंत तितकीशी जाड वाटत नाही. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३१ साली आपल्या पुस्तकांच्या पेट्या उघडताना एक निबंध लिहिला. त्यात तो पुस्तकांतल्या मजकुराबद्दल जवळजवळ बोलतच नाही. बोलतो ते लिलावांबद्दल, शहरांबद्दल, कुठलं पुस्तक कसं हाती लागलं त्याबद्दल. तो पेटीवरची शाई वाचत होता.

खेळातल्या खुर्चीची अडचण इथे आहे. तिला गळाच नाही, कोरायचं कुठे? माझी किटीची खुर्ची आणि ओसाकातल्या एखाद्या पोराची किटीची खुर्ची यांच्यात कसलाही फरक नाही, आणि पुढेही कधी होणार नाही. ती कुणी दिली, केव्हा दिली, याची नोंद तिच्यावर राहत नाही. हजारो वस्तू मावणारं कोठार खेळ देतो, आणि त्या कोठारात एकाही वस्तूला पोचा नाही.

म्हणूनच नकली कार्डांचा प्रश्न मला वाटला त्याहून अवघड निघाला. पाकिटाची वाट पाहून कंटाळल्यावर मुलाने कुठल्याशा विक्रेत्याकडून नाण्याएवढ्या पांढऱ्या चकत्या मागवल्या. तीच चिप, कोरी मिळते स्वस्तात. तिच्यावर मूळ कार्डातला मजकूर उतरवायचा, झालं. कंपनीच्या दृष्टीने हे सरळ बेकायदा, आणि मीही आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या चोरलेल्या प्रबंधांवर लाल रेघा मारलेल्या. तरी एका रात्री चकती टेकवली. सहापैकी दोनच चालल्या, हा भाग वेगळा. तक्रार करायला तोंड नव्हतं. पण ज्या चालल्या त्यांनी आणलेली खुर्ची खोटी होती का? जुन्या बाजारात खोटं नाणं खणखणत नाही, खोट्या पैठणीची पाठ उलटी करून पाहिली की धागे बोलतात. इथे पाठच नाही. अस्सल कार्डाने आलेली आणि नकली चकतीने आलेली खुर्ची बिट-न्-बिट एकच. मी तिच्यावर बसले. घड्याळाकडे पाहिलं. बरोब्बर चालत होतं. आणि मला काडीचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची मी खेळातल्या दुकानात विकून टाकली. पाप लागू नये म्हणून नव्हे. ती माझ्याकडे कुणाकडून आलेलीच नव्हती. स्वतः तोडलेलं आपट्याचं पान.

किटीबद्दल आणखी एक. १९७४ साली युको शिमिझू यांनी ती काढली तेव्हा तिची कुठली गोष्ट नव्हती, सिनेमा नव्हता, पुस्तक नव्हतं. पुढच्या वर्षी ती पहिल्यांदा लोकांसमोर आली ती चिल्लर ठेवायच्या एका छोट्या पाकिटावर, दुधाची बाटली आणि माशाचं भांडं यांच्या मधे बसलेली. मिकी माऊस आधी पडद्यावर नाचला आणि मग डब्यांवर आला. ही थेट डब्यावरच जन्मली. म्हणजे ती दुसऱ्या दुनियेतून आली म्हणावं तर तिला दुसरी दुनिया कुठली? तिचं गाव म्हणजे वस्तू. त्यामुळे तिच्या नावाचं टेबल बेटावर मांडलं की काही नवं घडत नाही, एक चेहरा वाढतो. गोड असतो, माझा आक्षेप नाही. पण मार्च २०२१ मध्येच, मारियोला ३५ वर्षं झाली म्हणून, खेळात एक हिरवा पाइप मिळायला लागला. तो दिसायला ओबडधोबड नळकांडं. दोन घेऊन बेटाच्या दोन टोकांना ठेवले आणि एकात उडी मारली की माणूस दुसऱ्यातून बाहेर! मारियोच्या जगाचा नियम त्या पाइपाबरोबर चालत आला होता. मला खरा पाहुणा हा वाटतो: घरात येताना आपल्या घरची रीत सोबत घेऊन येणारा, आणि दोन दिवसांत तुमच्या घराला ती लावणारा. या पाइपाला कार्ड लागत नाही, तो साध्या दुकानात कुणालाही मिळतो, आणि म्हणूनच दुर्मीळ सामान जमवणाऱ्यांच्या बोलण्यात त्याला मान नाही. याबाबतीत माझं त्या मंडळींशी जमत नाही.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलचा. दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध. करोनाच्या त्या लाटेचं इथे काही लिहीत नाही; ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. आईच्या घरी चैत्रगौर असते. तृतीयेला पितळी झोपाळ्यात अन्नपूर्णा बसते आणि तिच्यापुढे पायऱ्यांची आरास. आरास म्हणजे घरात जे जे शोभेचं असेल ते: लाकडी ठकी, काचेचा मोर, माझ्या भावाची चावीची आगगाडी, बहिणीने पाठवलेला स्वातंत्र्यदेवीचा प्लॅस्टिकचा पुतळा, कुणीतरी दिलेला पोटाळा हसरा बुद्ध, जत्रेतली मातीची कलिंगडं. कुणाचं माप कुणाला जुळत नाही. मोर आगगाडीपेक्षा मोठा, बुद्ध स्वातंत्र्यदेवीच्या दुप्पट. कोण कुठल्या कथेतला, हे गौर विचारत नाही. क्रॉसओव्हर हा शब्द मी शिकले त्याच्या साठ वर्षं आधीपासून ही गोष्ट आमच्या ओसरीवर दर चैत्रात मांडली जात होती. त्या वर्षी आईने एकटीने झोपाळा मांडला. डाळ वाटली नाही, बायका बोलावल्या नाहीत.

तिकडे मनूला अखेर एका मैत्रिणीच्या आईकडून पाकीट मिळालं होतं. तिने तृतीयेला आपल्या बेटाचं दार उघडलं आणि फोन केला, "मावशी, आजीला टीव्हीसमोर बसव." मी यंत्र टीव्हीला जोडलं, खेळातल्या डोडो कंपनीच्या विमानाने निघाले. या खेळात कुणी पाहुणा उतरत असेल तर बेटावरचे सगळे जागच्या जागी थांबतात. हातातलं काम सोडून त्याच्या येण्याकडे पाहावं लागतं. मला ही रीत आवडते. उतरले तर समुद्राकाठी पायऱ्या केलेल्या. वर मधोमध एक झुला, त्यावर गौरीच्या जागी, दुसरं काही न सापडल्याने, शंखांची परडी. खाली सिनामोरोलची छत्री, पॉम्पॉम्पुरिनचं पुडिंग, किटीचं टेबल आणि त्यावर फळं, सर्वांत खालच्या पायरीशी बेडकाचा पूल. बाजूला एक शेजारी ससा बेडकाच्या नावाच्या घरातून येऊन उगाच उभा. आईने चष्मा पुसला. तिला काय दिसलं कोण जाणे. बराच वेळ पाहून म्हणाली, "पन्हं कुठाय?" मनू पळत गेली आणि खेळातल्या सरबताचा एक पेला आणून ठेवला. मग आई म्हणाली, "आणि तो पूल तिथे आडवा का? येणाऱ्या बायकांना वाट नको?" मनूने पूल सरकवला.

निघताना मनूने तो पूल उचलून गवतावर टाकला. पान झालं. "घे मावशी, तुला." मी घेतला. माझ्या बेटावर संत्र्याच्या झाडाखाली आहे तो हाच. तिने नंतर दुसरा मागवला असणार, तिला काही कमी पडलं नाही. यादीतल्या कुठल्याही पुलाशी माझा पूल अदलाबदल केला तर मला कळणारही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी परवा बेटावरचं सामान नव्याने लावताना बाकी सगळं कोठारात भरलं आणि पूल जागेवरून हलवला नाही.

पुढच्या वर्षी २ एप्रिलला पाडवा होता आणि त्याच दिवशी राज्यातले सगळे निर्बंध उठले. बहीण मनूला घेऊन आली. बॅगेत माझ्यासाठी बेडकाचं कार्ड, कंपनीचंच, एक जास्तीचं मिळालेलं, मुखवासाच्या डबीत घालून आणलेलं. त्याला अजून बडीशेपेचा वास येतो. आईने त्या वर्षी आरास दुप्पट केली. मनूने कार्ड नेऊन आगगाडी आणि बुद्ध यांच्यामध्ये उभं केलं. ते दोनदा पडलं. आई आतून आंब्याची डाळ कालवता कालवता उठून आली, तशाच हाताने कार्ड उचललं, मागे एक सुपारी लावून टेकवलं आणि "आता नाही पडायचा तुझा बेडूक" म्हणून आत गेली.

कार्डाच्या डाव्या कोपऱ्यावर हळदीच्या फोडणीचा अंगठा उमटला आहे, पिवळा, तेलकट, रेघारेघांसकट. मी पुसायला गेले तर आणखी पसरला. गेल्या आठवड्यात मुलाने यंत्र बदललं तेव्हा धास्तीच वाटली, म्हणून पहिल्यांदा तेच कार्ड काढून टेकवलं. अंगठ्यासकट लागलं.